आत्याला शिवून दाखवा

तिसरा आठवडा संपला तरी दत्तोबांनी मुलीच्या हाती काठी दिली नाही, तेव्हा पद्मावतीचा धीर सुटला.

"आज काय शिकवलंत?"

"उभं राहायला."

"आणि काल?"

"काल बी तेच. पाय चुकायलेत तिचे."

"अहो, उभं राहणं तर तिला आधीपासून येतंय! तेवढंच येतंय!"

ते खरं होतं. फाल्गुनात काचीगुड्याच्या रेल्वे फाटकापाशी दोन टवाळांनी अकरा वर्षांच्या भामाचा हात धरून दप्तर ओढलं होतं. दप्तराचा बंद तुटला. भामा खांबासारखी उभी राहिली. ओरडली नाही, पळाली नाही. एका भाजीवालीने वजनाचा दगड उगारला म्हणून ते गेले. त्या संध्याकाळी तिचे वडील भगवंतराव कचेरीतून आले आणि शेरवानीची बटणं काढता काढता म्हणाले, "शाळा बंद."

साल १९४८. हैदराबादेत रोज नवी अफवा उठत होती. ओळखीची निम्मी घरं सोलापूरला निघून गेली होती, आणि मुलींना शाळेत नेणारा टांगेवालाही आपल्या गावी गेला होता. भगवंतरावांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यामुळेच पद्मावती जास्त चिडली. तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. आठ दिवस ती नवऱ्याशी भांडली आणि शेवटी एक अट पदरात पाडून घेतली. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी भगवंतराव स्वतः अंगणात भामाचा हात धरायला जातील. हात सापडला तर शाळा संपली.

म्हणून दत्तोबा आले. ते रेल्वेच्या कारखान्यातले निवृत्त फिटर, घराच्या जुन्या ओळखीचे. तरुणपणी सिकंदराबादेत त्यांनी पोरांना लाठी शिकवली होती. पण आखाड्याला सरकारी परवाना लागे, आणि भगवंतरावांसारख्या सरकारी नोकराच्या अंगणात लाठ्या दिसल्या तर नोकरीवर गदा. भामा आणि शेजारच्या दोन मुली रिकाम्या हातांनी उभ्या राहायला शिकत होत्या.

घरात काठी म्हणाल तर एकच. ती भगवंतरावांच्या थोरल्या विधवा बहिणीची, सत्यवतीबाईंची. पहाटे न्हाऊन त्या धुतलेलं लुगडं त्या काठीने उंच दांडीवर टाकत आणि दुसऱ्या दिवशी काठीनेच उतरवत. मधे कुणाचा हात लागता कामा नये. पद्मावतीने वैतागून तीच काठी दत्तोबांच्या हाती दिली, आणि नेमक्या तेव्हाच सत्यवतीबाई घागर घेऊन नळावरून आल्या.

"माझी काठी!"

"वन्सं, देते धुऊन."

"तू धुऊन? म्हणजे मला पुन्हा धुवावी लागेल!"

त्या तणतणत अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेल्या. काठी बघून आनंदलेल्या तिन्ही मुली मधेच उड्या मारत होत्या. दत्तोबा मात्र काठी विसरून सत्यवतीबाईंकडे बघत राहिले.

"बाईसाहेब, जरा पुन्हा येता का इकडून?"

"कशाला?"

"तीन पोरी नाचायल्या. तुम्ही भरली घागर घेऊन मधून गेलात. एकीचा फ्रॉकसुद्धा लागला नाही. कसं काय?"

"कसं म्हणजे? सोवळ्यात आहे मी."

"हौ, पण पाय कुठं टाकता?"

"माझ्या पायांकडे बघू नका."

"नाही बघत. सांगा तरी."

सत्यवतीबाईंनी घागर ठेवली. असला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "तीस वर्षं या घरात पोरं, पाहुणे, मांजरं. हाताकडे बघून काही कळत नाही. खांद्याकडे बघायचं, तो आधी वळतो. आणि 'लांब' आधी म्हणायचं. शिवल्यावर ओरडून काय उपयोग?"

"तीन आठवडे मी हेच तर सांगायलो!"

"मला कुठे सांगितलंत?" पद्मावती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून धडा बदलला. सत्यवतीबाई घागर घेऊन चालत आणि मुलींनी त्यांना शिवून दाखवायचं. आठ दिवसांत एकीलाही जमलं नाही. मग घागर भामाच्या कमरेवर आली. पाय तिला लवकर साधले. आवाज काही केल्या येईना. "लांब" असं ती तोंडातल्या तोंडात म्हणे.

"अगं, कुणाला सांगतेस? मुंगीला?" सत्यवतीबाई कावल्या.

"तुमचा आवाज द्या तिला," दत्तोबा म्हणाले. "गणपतीचा प्रसाद घ्यायला यायचो, तर तुम्ही दारातच थांबवायच्या. अजून कानात आहे तो."

सत्यवतीबाई म्हणाल्या, "तेव्हा प्रसाद दिला होता ना?"

"दिला. वरून टाकला."

त्या दिवशी भामाला आवाज काढून दाखवताना सत्यवतीबाईंचाच आवाज जरा खाली आला, आणि पद्मावतीने कपाळावर हात मारला.

ठरल्या दिवशी भगवंतराव कचेरीतून आले ते शेरवानीनिशीच अंगणात उतरले. दोन पावलं टाकली, हात पुढे केला. भामा तिथे नव्हती. पुन्हा झेप घेतली.

"लांब व्हा!" भामा ओरडली.

शेजारचे दोन दरवाजे उघडले. भगवंतराव ओशाळून थांबले. घाम पुसला, हसले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं, झालं. जिंकलीस. ये बाळ, इकडे ये."

भामा निघाली. पद्मावतीला ओरडावंसं वाटलं, पण अटीत आईने बोलायचं नव्हतं. एक हात अंतरावर भामा थांबली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचा खांदा वळला."

भगवंतरावांचा हात अर्ध्यातच राहिला. तो खाली घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी सगळा वैताग दत्तोबांवर काढला.

"आणि चौघं आले तर?"

"ओरडायचं आन् पळायचं."

"पळायचं? तीन महिने पळायला शिकवलंत?"

"तिला तेच येत नव्हतं, रावसाहेब."

दमून भगवंतरावांनी भिंतीला टेकवलेली काठी आधाराला घेतली.

"भगवंता! काठी!" सत्यवतीबाई कडाडल्या.

त्यांनी ती चटका बसल्यासारखी सोडली. "उद्या शाळा किती वाजता आहे?" त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं.

"दहाला," भामा म्हणाली, शेजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सत्यवतीबाई कुरकुरत काठी धुवायला नळावर गेल्या. फाल्गुनापासून तुटका राहिलेला दप्तराचा बंद पद्मावतीने सुईदोरा घेऊन टाचायला काढला.