हिचा एक सोडायचा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, कपड्यांची मापं घेणारी. शिलाई मशीनशेजारच्या खिळ्यावर मी लटकते, पण निवांत लटकणं काही माझ्या नशिबी नाही. दाराशी पाऊल वाजलं की अजूनही माझा जीव खालीवर होतो. का, ते सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या होत्या, आणि त्यांचा मला तोरा होता. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं आणि त्यांच्या हातात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे एक पट्टी निखळली आणि तिथला पहिला इंचही झिजून गळून पडला. बाईंनी मला फेकलं नाही. धाकट्या लेकीला शिकवताना त्या म्हणायच्या, "हिचा एक सोडायचा." म्हणजे येईल त्या मापातून एक वजा करायचा. एवढं सांभाळलं तर मी कधीच चुकत नव्हते.

लेक लग्न होऊन गेली, तशी मीही तिच्या गळ्यात पडून गेले. नवरा कापड बेतणारा, कापणारा. पुढच्या खोलीतच दोघांचं दुकान होतं. ती माप घ्यायची, मनातल्या मनात एक सोडायची आणि मोठ्याने आकडा सांगायची. गिऱ्हाइकं तिच्या हाताचं कौतुक करायची. ते त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

त्याने कधी आवाज चढवला नाही. ती चौतीस म्हणाली की तो बत्तीस कापायचा आणि कपडा घट्ट झाला की गिऱ्हाइकासमोर हसून सांगायचा, हीच बत्तीस म्हणाली होती. कात्री स्वतः लपवून तिला घरभर शोधायला लावायचा. मग म्हणायचा, "तुला हल्ली काही आठवत नाही गं. काळजी वाटते मला तुझी." हे इतक्या मायेने, की मलाही खरं वाटायचं. पस्तीस मी स्वतः दाखवले होते आणि त्यातला एक तिने सोडला होता, तरी मनात यायचं, मीच ताणली गेले असेन.

ती खचत गेली. शेगडी बंद केली की परत जाऊन बघायची. कडी लावली का, हे त्यालाच विचारायची. शेवटी तिने मापं घेणं जवळजवळ सोडलं आणि मी बहुतेक वेळ खिळ्यावर धूळ खात पडले. मशीन विकून टाकू, असंही ती म्हणू लागली. त्या मशीनवाचून तिचं स्वतःचं असं काहीच उरलं नसतं.

अशात ती काही दिवस थोरल्या बहिणीकडे राहून आली. परतली तर शाळेच्या बाईंनी, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, नवा कोट परत पाठवला होता, फार सैल झाला म्हणून. तो म्हणाला, बहिणीकडे जाण्याआधी माप तूच घेतलंस. तिला काही आठवेना. पण बाईंची मापं तिला तोंडपाठ होती. तिने मला खाली काढलं आणि कोट मोजला. छाती, कंबर, खांदे, सगळीकडे बरोबर एकेक इंच जास्त.

तिने माझं तुटकं टोक बोटांत धरून पाहिलं.

"हे माप माझं नाही," ती म्हणाली. "मी हिचा एक सोडते."

"कसला एक?" त्याने विचारलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्याला ते ठाऊकच नव्हतं! ती नसताना त्याने मला खिळ्यावरून काढून स्वतःच माप घेतलं होतं आणि एक सोडलाच नव्हता. तिने मला गळ्यात घातलं आणि आम्ही बहिणीकडे आलो. मशीन मागाहून आलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. ती एकच बाही पुन्हापुन्हा मोजायची आणि विचारायची, "ताई, बरोबर आहे ना?" ताई म्हणायची, "तू सांग." चिडायची नाही, पण उत्तरही द्यायची नाही. मला तेव्हा ताईचा राग यायचा. आता येत नाही. तो अजूनही अधूनमधून दाराशी येतो, तुझाच गैरसमज झाला म्हणतो. ती दार उघडत नाही, पण त्या दिवशी तिच्या हातून सुईत दोरा जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कोणी साध्यासाध्या गोष्टी दोनदोनदा विचारू लागलं, तर त्याला वेंधळं म्हणून हसू नका. कोणी त्याला वेंधळं ठरवत तर नाही ना, ते बघा. त्याच्याजवळ बसा आणि त्याचं त्याला मोजू द्या.

काल शाळेच्या बाई आल्या होत्या. तिने त्यांचा खांदा एकदाच मोजला, एक सोडला, आकडा सांगितला आणि कोणालाही काही विचारलं नाही.