टोकातली खाट

इस्त्री आडवी ठेवून वरून पाहिली तर जशी दिसते, तसं ते घर होतं. मागे रुंद, पुढे निमुळतं होत होत एकदम टोक. दोन रस्ते तिरके येऊन जिथे एकमेकांना भिडत होते, त्या नाक्यावरच्या इमारतीचा तिसरा मजला. रस्त्यांनी जेवढी जागा सोडली, तेवढ्यात बांधणाऱ्याने घरं कोंबली होती. मागच्या रुंद भागात स्वयंपाकघर आणि न्हाणी, मधे बसायची खोली आणि पुढे खिडकीपाशी ते टोक. त्या टोकात आजवर धड काही मावलं नव्हतं. कपाट लावावं तर मागे तिकोनी पोकळी उरायची, आणि पोकळीत पडलेली वस्तू देवाला प्यारी. म्हणून तिथे बॅगा, मोडका पंखा आणि 'असू दे, लागेल कधीतरी' या नावाखाली माणूस जो दुसरा संसार साठवतो, तो सगळा.

घरातली बाई शर्टांच्या कारखान्यात कटर होती. थरावर थर रचलेलं कापड, वर कागदाचा नमुना, आणि दिवसभर उभं राहून कापायचं. संध्याकाळी घरी आली की बसायच्या खोलीतलं तिचं स्वतःचं टेबल वाट बघत असायचं. पडदे, गणवेश, कोणाची पँट आखूड, कोणाची बाही लांब. देवाने माणसाला पाठ दिली ती कधीतरी टेकायला. या बाईला पाठ देताना टेकायला वेळ द्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

तिला सगळे 'कात्री' म्हणत. हे नाव तिच्या थोरल्या नणंदेने, अक्काने ठेवलेलं. लग्न होऊन आल्यावर ती कारखान्यात जायला लागली, तेव्हा चुलत्या-मावश्यांनी नाकं मुरडली. अक्का म्हणाली होती, "बाईच्या हातात कात्री असलेली बरी. जीभ काय, सगळ्यांच्याच तोंडात असते." नाकं जागच्या जागी सरळ झाली.

तीच अक्का आता हॉस्पिटलात होती. बिनलग्नाची बाई, आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, आणि म्हातारपणी एकटीच्या खोलीत पाय घसरून खुबा मोडून घेतला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात घरी न्या; आता एकटं ठेवायचं नाही, चालताना वॉकर, उशापाशी कमोडची खुर्ची, रात्रीचं जवळ माणूस. नाहीतर गावाबाहेर वृद्धांची संस्था होती, तिथे एक खाट रिकामी झाली होती. अक्का स्वतःच म्हणत होती, "मला तिथेच टाका रे. घंटा वाजवली की माणूस येतं म्हणे. आयुष्यात मी घंटा वाजवून कोणाला बोलावलं नाही, तेवढी हौस होईल."

भाऊ हसला नव्हता. तो तालुक्याच्या बसवर चालक होता, एवढी मोठी बस गल्लीबोळातून वळवायचा, पण हा एक विषय त्याला वळवता येत नव्हता. बायकोला तो एवढंच म्हणाला, "टोकाकडे भिंत घालून खोली काढली तर?"

ती "बघू" म्हणाली. सासऱ्यांचं अंथरुणातलं तिनेच काढलं होतं. मग स्वतःच्या आईचं. आता कुठे रात्री सलग झोप लागायला लागली होती. पण 'नाही' म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तो संध्याकाळपर्यंत कारखान्यात संपून जायचा.

कंत्राटदार आला. पोट पुढे, पेन्सिल कानावर, तोंडात सतत काहीतरी. टोकात उभा राहून त्याने दोन्ही भिंतींना हात लावून पाहिले.

"वहिनी, भिंत मी घालीन. पण हा कोपरा माझा नाही, देवाचा आहे. त्याने कसा केला ते त्यालाच विचारा."

"देवाला विचारायला वेळ नाही भाऊ. तुम्हीच सांगा, भिंत कुठे?"

"तेच तर तुम्ही सांगायचं. टोकात खाट, कपाट, ती खुर्ची आणि म्हातारीला वळायला जागा. इकडे तुमचं टेबल, मशीन आणि माणसं ये-जा करायला वाट. भिंत इकडे सरकवली तर टेबल गेलं, तिकडे सरकवली तर खाट गेली. रविवारी येतो. रेघ मारायची जागा मला दाखवा, सोमवारी विटा. नाहीच जमलं तर नुसता रंग मारून जातो."

मग तिने तिला जमत होतं तसं केलं. कारखान्यातला जाड तपकिरी कागद आणला आणि घरातल्या सगळ्या सामानाचे पूर्ण मापाचे नमुने कापायला घेतले. नवरा मोजपट्टी घेऊन एकेक माप ओरडून सांगायचा, ती गुडघ्यांवर बसून खडूने आखायची आणि कात्री चालवायची. खाट झाली, कपाट झालं, कमोडची खुर्ची, वॉकर वळायचा चौकोन, टेबल, मशीन. टोकातला दुसरा संसार जिन्यात काढला. खडू पायांना लागून घरभर होऊ नये म्हणून कागद उलटे घालून मांडले.

आणि सुरू झाली कुस्ती. खाट उभी लावून पाहिली, आडवी लावून पाहिली. उशी टोकात, पाय टोकात. कपाट दारामागे, कपाट पायथ्याशी. नवरा वॉकर धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून अक्काचं सोंग घेऊन कागदांवरून चालला.

"अहो, तुम्ही खुर्चीवर पाय दिलात."

"खुर्ची मधे आली."

"अक्का असं म्हणणार आहेत का? त्या पडणार."

कसंही फिरवा, शेवटी वीतभर जागा कमी पडायची. खाटेचा कागद भिंतीवर चढायचा, नाहीतर टेबल वाटेत यायचं आणि दार अर्धंच उघडायचं. रोज संध्याकाळी तोच खेळ. तिचे पाय सुजून चपलेचे पट्टे रुतलेले, नवऱ्याची कंबर धरलेली. शनिवारी तो भिंतीला टेकून खाली बसला.

"नाही मावत ना?"

"नाही मावत."

"आपण काय कमी केलं?"

"काही नाही."

तो बराच वेळ मोजपट्टीची गुंडाळी करत राहिला. मग म्हणाला, "उद्या सकाळी जाऊन सांगतो तिला. संस्थेतल्या माणसालाही तिथेच बोलावतो."

 खरं सांगायचं तर तिच्या आत, पार खोल, कोणीतरी हुश्श केलं. तिने ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवत चहाची भांडी उचलली. माणूस स्वतःपासूनसुद्धा तोंड चुकवतो, आणि त्यात तरबेज असतो.

रविवारी सकाळी नवरा हॉस्पिटलात गेला. कंत्राटदार यायचा होता, त्याला 'भिंत नको, नुसता रंग लावा' एवढंच सांगायचं होतं. ती पसारा आवरायला बसली. खाटेचा कागद मोठा, म्हणून आधी तोच घडी घालायला घेतला. उलटा होता तो सुलटा झाला.

खडूची रेघ आत होती. कापलेली कड बाहेर.

तिने रेघेपासून कडेपर्यंत बोटं ठेवली. दोन बोटं. दुसऱ्या बाजूला दोन बोटं. चारी बाजूंना, सुईच्या अग्राइतकाही फरक नाही. तिने झटकन कपाटाचा कागद उलटला. तिथेही तेच. खुर्चीला, टेबलाला, मशीनला, वॉकरच्या चौकोनाला. हातांनी इतकी वर्षं जे केलं, तेच केलं होतं: शिलाईसाठी चारी बाजूंना मार्जिन सोडलं होतं. जशी ती खाट घडी घालून भिंतीला शिवायची होती!

तिला आधी हसूच आलं. एकटीच बसून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जगात दुसऱ्या कोणाकडून असली चूक होणं शक्य नव्हतं. सुताराने खाट खाटेएवढीच कापली असती, शाळेतल्या पोराने कापली असती. ओळीने मांडलेल्या प्रत्येक कागदाची इकडची दोन बोटं, तिकडची दोन बोटं. त्यातच ती वीत कुठे गेली ते दिसत होतं.

मग हसू ओसरलं.

हे कोणाला कळणार होतं? कागदाची घडी घालायची, घडीची गुंडाळी करायची, गुंडाळी कचऱ्यात. नवऱ्याला खडूच्या रेघेतलं ओ का ठो कळत नव्हतं. आणि आपण तरी काय खोटं बोललो, हात चुकला. हात चुकला की हाताला कोणी आतून सांगितलं? हे तिने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठून पाणी प्यायली. देव माणसाला पारखतो तेव्हा नगारे वाजवून पारखत नाही. घरात कोणी नसतं, भांडी घासायची पडलेली असतात, पाय ठणकत असतात, तेव्हा तो कागदाची एक घडी हातात देतो आणि मुकाट बाजूला बसतो.

ती परत आली, खाली बसली आणि कात्री घेतली. दमलेल्या माणसाची कात्री हळू चालते, पण रेघ सोडत नाही. खाट रेघेवर कापली, मग कपाट, मग बाकीचं. काढलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडला. पुन्हा मांडलं. खाटेची उशी टोकाकडे, जिथे तिकोन उरला तिथे पाण्याचा तांब्या ठेवायला फळी. पायथ्याशी कपाट, बाजूला खुर्ची. वॉकरचा चौकोन अंग चोरून का होईना, बसला. इकडे टेबलही राहिलं, फक्त त्याची एक बाजू बिजागरीवर खाली पाडावी लागणार होती.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"सांगू नका अक्कांना."

"सांगितलं." त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "संस्थेचा माणूस इथेच आहे."

"फोन अक्कांना द्या."

पलीकडे खुडबूड झाली. मग अक्का. "काय गं कात्री? सांगितलं याने. वाईट वाटून घेऊ नकोस. इस्त्रीच्या टोकात कोणी झोपतं का? चटका बसायचा मला."

"अक्का, चूक माझी झाली. सगळ्या कागदांना मी शिलाईचं मार्जिन सोडलं."

 अक्का अशी हसली की बाजूच्या खाटेवरची बाई "काय झालं हो?" म्हणालेली फोनवर ऐकू आली.

"खाटेला मार्जिन? अगं, मला दाबून शिवणार होतीस की काय?"

"आता नीट कापलंय. मावते खाट."

हसणं थांबलं. "मावते, की मावून घेतेयस?"

आता खोटं बोलायचा जोर कुठून आणायचा? तिने भिंतीला डोकं टेकलं.

"दोन्ही, अक्का. दमलेय मी. कालपर्यंत मावत नव्हती तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हे पण खरं आहे. तुम्हाला सांगून टाकते, म्हणजे पुढे कधी रात्री तिसऱ्यांदा हाक मारलीत आणि मी तोंड वाकडं केलं, तर नवीन वाटायला नको."



"तोंड कर वाकडं," अक्का म्हणाली. "अख्खं घर वाकडं आहे, त्यात तुझं तोंड कुठे उठून दिसतंय. फक्त एक कर. मला सांगत जा. गोड बोलून मनात कुढलीस, तर मी त्या संस्थेच्या घंटेकडे निघाले बघ. आणि त्या गणवेशांच्या शर्टांना बटणं लावायला तुला बाई लागते ना? माझा खुबा मोडलाय, बोटं नाही मोडली."

"बटणांचं नंतर बघू."

"नंतर नाही. फुकट मी तुझ्या टोकात पडायची नाही. थांब, याच्याकडे देते फोन. हा रडतोय बघ बावळट, बस चालवतो म्हणे."

फोन ठेवला तेव्हा दारात कंत्राटदार उभा होता, हातात दोरी आणि खडू.

"काय ठरलं वहिनी? रंग की भिंत?"

"भिंत. आणि आधी सांगा, गिलाव्याला किती जागा जाते? ती धरून बोला, उगाच नंतर अर्धा इंच मागाल."

त्याने कानावरची पेन्सिल काढली, कागदांकडे पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. "धरून बसतंय," तो म्हणाला. "कसंबसं. पण दार बाहेरच्या बाजूला उघडायचं."

"उघडू दे बाहेर. अक्का आत पडल्या तर दार अडायला नको."

तो दोरी ताणायला लागला. तिला मात्र एक शंका राहिली होती. अक्काची उंची तिच्याएवढीच. टोकात उशीवरचं डोकं भिंतीला तर घासणार नाही? ती कागदाच्या खाटेवर आडवी झाली. डोकं बरोबर बसलं. पाय पुरले. कुशीवर वळून पाहिलं तर खिडकीतून दोन्ही रस्ते दिसत होते, डावीकडून एक, उजवीकडून एक. त्या रस्त्यांवरून माणसं आपापलं ओझं घेऊन येत होती आणि खाली नाक्यावर एकमेकांत मिसळत होती. इतकी वर्षं या घरात राहून ते तिने कधी आडवं होऊन पाहिलं नव्हतं. जमीन कडक होती, पण पाठीला जमीनही गादीसारखी लागली.

"वहिनी, उठता का? रेघ मारायचीय."

"मारा की."

"तुम्ही मधे आहात."

"मग माझ्या बाजूने मारा भाऊ," ती डोळे मिटून म्हणाली. "मी एवढ्यात नाही उठत."

कंत्राटदाराने तोंडातलं गिळलं, गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पायांना धक्का लागू न देता हळूहळू खडू ओढू लागला.