कुंकवाच्या डबीतलं काळं

मी बोरीच्या अनसूयाबाईंच्या देवघरातली कुंकवाची डबी बोलतेय. कुंकवाची आपली म्हणायची.

परभणीच्या तांबटानं मला घडवलं. लग्नात मी अनसूयाबाईंबरोबर या घरात आले आणि तीस वर्षं इमानानं कुंकू सांभाळलं. मग त्यांचा मुलगा मार्तंड, गावच्या शाळेतला मास्तर, घोड्यावरून पडला. पाय सांधला, पण ठणका जाईना. कुणीतरी मुगाएवढी अफूची गोळी दिली. पुढं ठणका गेला, गोळी राहिली.

अफू तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात राजरोस मिळायची. लाज होती ती नावाची. घरात तिला ‘औषध’ म्हणत. अनसूयाबाईंनी माझ्यातलं कुंकू पुसून ते औषध माझ्या पोटात ठेवलं. कुंकवाच्या डबीवर संशय कोण घेणार?

मग प्रभावती सून होऊन आली. बोलायची कमी, बघायची फार. दिवस कलला की नवऱ्याला जांभया येतात, डोळ्यांतून पाणी गळतं, तो उगाच खेकसतो. देवघरात जाऊन आला की गोड बोलतो. तिला वाटलं, नवरा भलताच देवभोळा मिळाला.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला करंड्यातलं कुंकू संपलं. तिनं मला उचललं, बायकांसमोर उघडलं, बोट घातलं. बोट काळं निघालं.

“काजळ गं ते!” अनसूयाबाई घाईनं म्हणाल्या.

“मग लाव की आमच्या नातीला तीट,” शेजारच्या नर्मदाबाईंनी मांडीवरलं तान्हं पुढं केलं.

मला स्वतःचं झाकण लावता येत नाही. ते पोर तोंड उघडून हसत होतं. प्रभावतीनं बोट नाकाशी नेलं. हाच कडवट वास देवघरातून आलेल्या नवऱ्याच्या तोंडाला रोज यायचा.

“काजळ नाही हे. अफू आहे.”

“कुणाची गं?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“यांची.”

एरवी नाव घे, नाव घे म्हणून तिच्या मागं लागणाऱ्या बायका. त्या दिवशी एकीनंही उखाणा मागितला नाही. आंब्याची डाळ तशीच ठेवून सगळ्या उठल्या.

“घराची इज्जत घालवलीस,” अनसूयाबाई रडायला लागल्या.

नर्मदाबाई तेवढ्या मागं राहिल्या. “आमच्या पोराचं, चंद्रभानचं, आमी असंच लपवलं. मग कोंडून एकदम बंद केलं. लय हाल झाले त्याचे. परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, हा आजार हाय, मारून-कोंडून जायचा न्हाई. बेतानं, थोडी थोडी कमी करावी लागती. अनसूयाबाई, तुमी न्या मास्तरला.”

मार्तंड दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं.

“पोरं मला मास्तर म्हणतात,” तो म्हणाला. “उद्यापासून काय म्हणतील?”

“पाय मोडला तेव्हा काय म्हणत होती?” प्रभावतीनं विचारलं.

“उद्या जाऊ,” तो म्हणाला.

तीनदा बैल जुंपले, तीनदा सोडले. एकदा तो वेशीपर्यंत गेला, पारावरून कुणी “मास्तर, कुठं निघालात?” म्हणालं आणि हा शेताकडं म्हणून उतरला. प्रभावती गाडीत एकटीच बसून राहिली. बैलांना काय सांगावं तेही तिला कळेना. त्या दिवसापासून तिनं मला देवघरातून काढून ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. औषध हा शब्दही बंद केला.

आज चौथ्यांदा गाडी जुंपलीय. मी मार्तंडाच्या मुठीत आहे. तो माझं झाकण उघडतोय, लावतोय. त्याच्या घामानं मी ओली झालेय. शेजारी प्रभावती बसलीय. तिनं बोटांनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलंय. मला हात नाहीत, नाहीतर मीही धरलं असतं.

एवढंच मागते. परभणीच्या वाटेवर ही गाडी दिसली तर रामराम करा, पाणी द्या. पण मास्तरांना, कुठं निघालात, असं तेवढं विचारू नका.