चोर पकडायचा सूर

वेंडरोथ प्रकाशनाने एकशे तेरा वर्षं चर्चची गाणी स्वरलिपीसह छापली आणि यंदा मार्चमध्ये, कोणाचीही झोप न मोडता, दार लावून घेतलं. गोटहोल्ड प्रीम यांनी तिथे एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासली. चुका काढण्याचा त्यांना पगार होता. एक चूक मात्र त्यांनी स्वतः घातली, आणि तिच्यावर त्यांना बढती मिळाली.

इतर प्रकाशक वेंडरोथची पुस्तकं बिनदिक्कत उचलून छापत. म्हणून थोरल्या वेंडरोथसाहेबांचा शिरस्ता असा, की प्रत्येक संग्रहात एका गाण्याच्या आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, एक सूर मुद्दाम चुकवायचा. चोराने तो छापला की कोर्टात दाखवायचा. प्रीमनी निवडलं ते सांजगीत त्यांच्याच बायकोने, इर्महिल्डने, रचलेलं. घरच्या माणसाला काय विचारायचं. चोर सापडला. पुढच्या आवृत्तीत सूर दुरुस्त केला, तर छपाईची चूक झाल्याची त्रेसष्ट पत्रं आली. साहेबांनी चूक परत घातली.

इर्महिल्ड भांडली नाही. चर्चमध्ये ती जागा आली की फक्त डोळे मिटायची. गेल्या आठवड्यात इस्पितळात म्हणाली, "गोटहोल्ड, मला पोचवताना तरी मी लिहिलंय तसं म्हणायला सांग." मंगळवारी ती गेली.

गुरुवारी चर्चच्या गायकांच्या तालमीला प्रीम पेन्सिल घेऊन गेले. बावीस प्रती, बावीस दुरुस्त्या. त्या प्रतींतल्या एकवीस झेरॉक्स होत्या. प्रकाशन कसं बुडालं ते हातातच दिसत होतं.

"प्रीमसाहेब, छापलंय ते बरोबरच असणार," संचालिका टेबकेनबाई म्हणाल्या. "वेंडरोथचं आहे."

"चूक मीच घातलीय, बाई."

"दुःखात माणूस काय काय अंगावर ओढून घेतो," मागून हुल्डाबाई शेजारणीला म्हणाल्या. मग मोठ्याने, "अहो, तीस वर्षं पाठ आहे. कागद आम्ही नुसता पोट झाकायला धरतो."

"उद्या एकदाच म्हणा. मग हवं तितकं चुकीचं म्हणा."

"बघू," टेबकेनबाई म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात तसं.

शुक्रवारी शवपेटीपुढे तिसरी ओळ आली. आल्टोतल्या सात बायकांनी पाठ असलेला सूर लावला. नवी आलेली स्वांत्ये तेवढी कागदात बघून गात होती. तिने इर्महिल्डचा लावला. दोन सूर एकमेकांवर खरखरीत घासले. सात माना वळल्या. दुसऱ्या कडव्यात तीही सुधारली.

नंतर कॉफीच्या टेबलाशी स्वांत्ये रडवेली होऊन आली. "काका, माफ करा. नेमका आजच माझा सूर चुकला."

"तुझाच बरोबर होता, पोरी. बाकीच्या चुकल्या."

"किती मोठं मन हो तुमचं," ती म्हणाली, आणि खरंच रडायला लागली.

हुल्डाबाईंनी प्रीमच्या बशीत बटरकेकचा आणखी एक तुकडा ठेवला. प्रीमनी पुन्हा सांगून पाहिलं, या वेळी जरा मोठ्याने. टेबलावरच्या सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या. टेबकेनबाई उठल्या, प्रीमचा कोट घेऊन आल्या आणि यांना घरी कोण सोडतंय, असं विचारू लागल्या.