हवेचा नळ

अक्काचं पत्र संक्रांतीनंतर आलं होतं. फाल्गुन सरत आला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. माझी ही थोरली बहीण वडूजला एकटी राहायची. पावसाळ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. कुणा मास्तरांकडून तिनं लिहून घेतलं होतं : "लाला, आता मला रानात बसायला जाता येत नाही. शेजारणींनी तरी किती दिवस धरून न्यावं? तुझ्याकडे सोय होईल का? होत नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही."

सोय नव्हतीच. तासगावच्या माझ्या घरात न्हाणी होती, पण संडास नव्हता. तो बांधून झाला की लिहू, असं मी ठरवलं. वाचनालयात लोकांना पुस्तकं काढून देण्यात माझा जन्म गेला. आपल्या घरात काय हवं हे दुसऱ्याला सांगायची मला सवय नाही. तरी गावातल्या अर्जुनाला बोलावलं. तो लढाईहून नुकताच परतला होता. पलटणीत नळ जोडायचं काम करायचा.

त्यानं न्हाणीला लागून संडास काढला आणि दोन्हींचं पाणी परसातल्या बंद टाकीत सोडलं. लढाईपायी नवं लोखंड कुठं मिळेना, म्हणून सांगलीला खेपा घालून बिडाचे जुने नळ आणले. न्हाणीतल्या मोरीखाली त्यानं नळाचा एक वाकडा तुकडा बसवला. त्याच्या वाकणात पाणी साठून राहतं आणि टाकीतला वास अडतो. शेवटी एक उभा नळ भिंतीला धरून माळवदावर काढला, हवेसाठी.

आणि एवढं होऊनही घर घाणीनं भरलं. संडासात बादली ओतली की शेजारच्या मोरीत गडगड आवाज व्हायचा, वाकणातलं पाणी ओढलं जायचं आणि मागून तो वास.

"ढाळ कमी पडलाय, काका," अर्जुना म्हणाला. "उकरू."

उकरलं. पुन्हा बसवलं. पुन्हा गडगड.

"आता?"

"आता आनी उकरू."

"अरे, पण—"

"काका, आमी आख्ख्या बराकीचं नळ टाकल्यात. ह्यी तुमची न्हाणी म्हंजी काय हाय?"

माझ्याजवळच्या एका जुन्या पुस्तकात लिहिलं होतं, की जोरात जाणारं पाणी मागून हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही तर शेजारच्या वाकणातलं पाणी ओढून नेतं. पण पुस्तकात वाचलेलं बोलून दाखवायचं म्हणजे... तो हसला तर? आणि हवेचा नळ तर होताच की. अर्जुना उकरत राहिला. मी धूळ झाडत राहिलो. खरं सांगायचं तर, काम लांबतंय याचं मला थोडं बरंही वाटत होतं. अक्का आली तर तिच्याशी दिवसभर काय बोलायचं, हेच मला सुचत नव्हतं.

दुसऱ्यांदा फरशी फुटल्यावर मात्र मला राहवलं नाही. हवेचा नळ तरी बघून यावा म्हणून शिडी लावून मी माळवदावर चढलो. आमचं आणि शेजारच्या धोंडुबाईंचं माळवद एकच. तिथं बाजांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या आणि हवेच्या नळावर एक मडकं पालथं घालून शेणामातीनं लिंपून टाकलं होतं.

"हात लावू नगा हां, भावजी!" धोंडुबाई मागं उभ्या होत्या. "लेकीच्या लग्नाच्या कुरडया हायत. तुमच्या त्या नळकांड्याचा वास लागला तर व्याही काय म्हनंल?"

"पण ते उघडं असायला हवं..."

"वाळूस्तवर ऱ्हाऊ द्या की. तुमी एकलं मानूस. तुमाला कसली घाई?"

मी शिडीकडे वळलोसुद्धा. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "माझी अक्का येणार आहे. खुबा मोडलाय तिचा. तिला बाहेर जाता येत नाही."

धोंडुबाई बघतच राहिल्या. "आन ह्ये आज सांगताय व्हय? भिंतीला भिंत लागून घर, आन तोंडातनं शबूद न्हाई! लय गुणाचं मानूस तुमी." पदर खोचत त्या म्हणाल्या, "बाजा पल्याडच्या टोकाला न्या. तुमीच उचला पर. एक जरी कुरडई मोडली तर बघा."

अर्जुनाला वर बोलावलं. आम्ही बाजा उचलल्या. टेकवताना माझ्याकडून दोन-तीन कुरडया मोडल्याच. धोंडुबाईंनी त्या माझ्याच हातात दिल्या. मडकं फोडून काढलं, खाली आलो, बादली ओतली. मोरीतलं पाणी जरासं हललं आणि जागच्या जागी राहिलं. मी वाकून वास घेतला. ओल्या चुन्याचाच होता.

"मी म्हनलंच हुतं," अर्जुना म्हणाला, "हवा पायजे म्हनून."

फरशी अजून बसवायची होती. अक्काला धरून उठायला भिंतीत एक दांडा हवा होता, तेवढा मात्र मी त्याला सांगितला. मग कार्ड घेऊन बसलो. उशीर का झाला, ते दोनदा लिहायला घेतलं आणि खोडलं. शेवटी एवढंच उरलं : "अक्का, सोय झाली आहे. एकटी निघू नकोस. पाडव्यानंतरच्या सोमवारी मोटारीनं मी न्यायला येतो. लाला."

कार्ड खाडाखोडीचं झालं होतं. नवं घेतलं असतं तर पुन्हा विचार करत बसलो असतो. तसंच उचललं, पोस्टापर्यंत चालत गेलो आणि पेटीत टाकलं.