ताईंचीच खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, पण साधीसुधी समजू नका. पायाने पंप दाबला की मी वर जाते, दांडा ओढला की खाली येते आणि कोणी ढकललं तर छान गिरकीही घेते. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या बाकाला यातलं काही जमतं का?

एका वेल्डरने माझा सांगाडा जोडला, गादीवाल्याने त्यावर लाल रेक्झिन ताणून ठोकलं आणि मी थेट ताईंच्या पार्लरमध्ये आले. खोली अरुंद होती. समोर मोठा आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि दाराशी थांबणाऱ्यांसाठी एक बाक. केस कापून झाले की गिऱ्हाईक मान इकडेतिकडे वळवून आरशात बघे आणि म्हणे, "ताई, तुमच्या हातात जादू आहे हो." त्या कौतुकातला माझा वाटा मी गुपचूप घेत असे.

काम वाढलं, तशी ताईंनी दुसरी खुर्ची आणली आणि मदतीला एक बाई ठेवली. तिला सगळे बारकी म्हणत. दोन मुलांची आई झाली तरी ती बारकीच राहिली. पण दुसऱ्या खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना. "आम्ही थांबतो, आम्हाला ताईच हव्यात," असं म्हणून बायका बाकावर दाटीवाटीने बसत. त्या बिचाऱ्या खुर्चीवर त्यांच्या पर्सा बसत. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. ताईंना मात्र घोटभर चहा घ्यायलाही उसंत नसे. ताप आला तरी त्या उभ्याच.

मग एके दिवशी त्यांच्या लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. "आई, बाळंतपणाला येशील ना?" तिने विचारलं. "की तुझं पार्लरच तान्हं बाळ आहे अजून?"

ताई हसल्या, पण फोन ठेवल्यावर माझ्यावर येऊन मटकन बसल्या. जावं तर गिऱ्हाईक पांगेल, न जावं तर लेक एकटी पडेल. शेवटी त्यांनी बारकीला हाक मारली.

"महिनाभर सांभाळशील का गं सगळं?"

बारकी खाली बघत म्हणाली, "सांभाळेन, ताई. पण शेवटचा हात कसा फिरवायचा ते मला येत नाही. तो नेहमी तुम्हीच फिरवता."

अगदी खरं होतं ते. बारकीचं काम संपत आलं की ताई "जरा बघू" म्हणत आणि तिच्या हातातली कात्री काढून घेत. इतक्या वर्षांत बारकीने एकही डोकं स्वतः पूर्ण केलं नव्हतं. मग बाकावरच्या बायकांनी तिच्यावर भरवसा ठेवावा तरी कसा?

ताईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला, कापड स्वतःच्या गळ्याभोवती बांधलं आणि म्हणाल्या, "चल, माझे काप. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बाक गच्च भरलेला होता आणि साऱ्या नजरा आरशाकडे लागल्या होत्या. बारकीने आधी एकेक बट जपून कापली, मग कात्रीला लय सापडली. ताई गालातल्या गालात हसत होत्या, पण कापडाखाली त्यांची बोटं माझ्या हातांवर अशी रुतली होती की रेक्झिन फाटतं की काय, अशी मला भीती वाटली. शेवट जवळ आला तेव्हा त्यांचा हात उचललासुद्धा गेला. त्यांनी तो परत खाली दाबून धरला.

काम झालं. ताईंनी चष्मा चढवून आरशात पाहिलं. डावी बाजू केसभर आखूड होती. ते त्यांना दिसलं, मलाही दिसलं.

"छान कापलेस," ताई म्हणाल्या. "मला आवडलं."

बाकावरची एक बाई उठली आणि म्हणाली, "मग माझेही बारकीलाच कापू द्या."

ताई लेकीकडे गेल्या. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं दारातूनच परतली, पण बरीचशी थांबली. बारकीने आपल्या एका मैत्रिणीला हाताशी घेतलं आणि दुसरी खुर्चीही कामाला लागली. खोटं कशाला बोलू, थोडा मत्सर वाटला. पण त्या खुर्चीशी गप्पा मारण्यात माझा वेळही मजेत जाऊ लागला.

नातीला जोजवून ताई परतल्या, तेव्हा आम्ही दोघी भरलेल्या होतो. त्या मुकाट्याने बाकाच्या टोकाला टेकल्या. शेजारी एक नवीन गिऱ्हाईक होतं. तिने ताईंकडे पाहिलं आणि समजुतीने सांगितलं, "मावशी, माझ्यानंतर तुमचा नंबर हं. गर्दी असते इथे, पण थांबा. काम फार छान करतात."

ताईंचे डोळे भरून आले. "थांबते की," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हातारीला अधूनमधून तेलाचे दोन थेंब घाला, एवढंच माझं मागणं. आणि तुमची धाकटी बहीण कधी वहीला कव्हर घालत असेल आणि ते वाकडं जात असेल, तर आपले हात घट्ट धरून ठेवा. तिचं तिला पुरं करू द्या.