समुद्राकाठची शांत जागा

लोकांच्या घरात शांतता बसवणं हा माझा धंदा आहे. म्हणजे आवाज आत येऊ न देणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्या मी विकतो. त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर शांतता हेच औषध, असं माझं ठाम मत होतं. माझ्या बऱ्याच मतांसारखं तेही कुणी मागितलेलं नव्हतं.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. बोलायची कमी, जेवायची त्याहून कमी. शेवटी बायको म्हणाली, "आईंना कुठेतरी बाहेर नेऊया." तेव्हा मी लगेच जाहीर केलं, की मोटारहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, भाड्याने घेऊन समुद्रावर जायचं आणि कॅम्पची जागा मी निवडणार.

बायकोचं म्हणणं साधं होतं. न्हाणीघर स्वच्छ हवं, वीज-पाण्याची जोडणी हवी, थोडी सावली हवी आणि लेकीला खेळायला चार पोरं हवीत. मी मात्र रात्रंदिवस फोनवर सूर्यास्ताचे फोटो चाळत होतो. एका कॅम्पच्या अगदी टोकाला, पाण्यालगत, एकच एक जागा दिसली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी हरखलो आणि फोन लावला.

तिथली व्यवस्थापक बाई म्हणाली, "कुटुंब आहे ना? मग मधली रांग घ्या. धुण्याची खोली शेजारी, झोपाळे समोर, खाली पक्की जमीन."

"तिथं आवाज किती असतो?"

"भरपूर!" ती आनंदाने म्हणाली.

"मग मला टोकाचीच द्या."

"तिथं आम्ही तंबूवाल्यांना पाठवतो. मोटारहोमला ती जमीन भुसभुशीत पडते."

मी मनातल्या मनात हसलो. ज्या मालाचा साठा जास्त, त्याचंच कौतुक गिऱ्हाइकाला ऐकवायचं, ही युक्ती मी स्वतः रोज करतो. मला कोण गंडवणार? मी हट्टाने टोकाचीच जागा घेतली.

मोटारहोम चालवणं म्हणजे स्वयंपाकघराला चाकं लावून पळवणं. प्रत्येक वळणावर मागे डबे आपटत होते आणि लेक खिदळत होती. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीत धरून गप्प बसली होती. मी आरशातून सांगत होतो, "आई, तिथं इतकं शांत असेल ना, की बघच!" ती "बरं" म्हणाली.

पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जागा खरोखर फोटोसारखी होती. मी ऐटीत गाडी वळवली, मागे घेतली आणि मागची चाकं वाळूत गेली. अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी रुतली, वाळूचा फवारा उडाला आणि आमचं घर एका अंगाला कलंडून थांबलं. फ्रिजचं दार उघडलं, दुधाची पिशवी पडून फुटली आणि दूध ओघळत थेट आईच्या अंथरुणात गेलं.

"छान आहे जागा," बायको म्हणाली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

ओली चादर धुवायला त्या तिघी निघून गेल्या. मी लेकीचं प्लास्टिकचं फावडं घेऊन चाकाखालची वाळू उपसायला लागलो. एक फावडं काढलं की दोन फावडी वाळू घरंगळून परत येई. त्यात वारा असा, की काढलेली वाळू माझ्याच तोंडात. ज्या शांततेसाठी हा सगळा खटाटोप, तिथं वाऱ्यापुढे मला माझ्या शिव्यासुद्धा ऐकू येत नव्हत्या.

बऱ्याच वेळाने मान वर केली तर समोरून वरातच येत होती. कुणाच्या खांद्यावर फळ्या, कुणाच्या हातात दोर, मागे एक जीप, बाजूने पोरांची पलटण. आणि सगळ्यांच्या पुढे माझी आई, पदर खोचून.

"हा माझा मुलगा," तिने ओळख करून दिली. "हुशार आहे, पण ऐकत नाही."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. बाबा गेल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो, त्यामुळे रागवायचं राहून गेलं.

चादर मशीनमध्ये फिरत होती तेवढ्या वेळात तिने धुण्याच्या खोलीतल्या सगळ्यांना माझी कर्मकहाणी सांगितली होती. आता ती हुकूम सोडत होती. "फळी अजून आत सरकव. तुम्ही तिकडून ढकला. आणि तू स्टिअरिंगला हात लावू नकोस, सूनबाई बसेल." बायको बसली. जीपने ओढलं, आम्ही ढकललं आणि गाडी सुटली. मी तेवढा वाळूत आडवा झालो.

व्यवस्थापक बाईने आम्हाला मधल्या रांगेत, धुण्याच्या खोलीच्या दारासमोर जागा दिली. "सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. हा तिचा मोठेपणा. तिच्या जागी मी असतो तर तसा फलकच लावला असता.

संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकल्या. दार सारखं आपटत होतं, मशीन घरघरत होती, पोरं झोपाळ्यावरून किंचाळत होती. मी न राहवून विचारलं, "आई, त्रास होतोय का गं?"

"त्रास कसला? तुझ्या घरी तू माझ्या खोलीला त्या खिडक्या लावून दिल्यास. रस्त्यावर कोण बोलतंय, कोण भांडतंय, काही कळत नाही. तुझे बाबा घोरायचे तरी. आता माझाच श्वास मला ऐकू येतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं बसवल्यास ना."

त्या खिडक्या मी दहा वर्षांची हमी देऊन बसवल्या होत्या.

पुढचे दिवस आई आमच्या वाट्याला आलीच नाही. शेजारी दोघी बहिणी आपली जुनी मोटारहोम घेऊन मुक्कामाला होत्या. थोरली निवृत्त नर्स, धाकटी शिंपीण. तिघींचे पत्ते रंगायचे. पत्त्यांत आई सरळसरळ फसवते, हे मला तिथं कळलं.

निघायच्या सकाळी मी सामान भरत होतो, तर आई तिची पिशवी घेऊन शेजारच्या गाडीत चढताना दिसली.

"आई, आपली गाडी इकडे."

"मी यांच्याबरोबर पुढे जाते. महिनाभर फिरणार आहोत. विचारत नाही, सांगतेय."

मी बायकोकडे पाहिलं. तिला अर्थातच आधीच माहीत होतं. आईच्या गोळ्यांचा डबा, शाल आणि चार्जर तिनेच भरून दिला होता. मग मी खिडकीशी जाऊन सूचना द्यायला लागलो. जमीन कशी पाहायची, वारा कुठून येतो, फोटोंवर विश्वास का ठेवू नये.

नर्सबाईंनी गाडी सुरू केली आणि आईला विचारलं, "हा नेहमीच इतकं बोलतो?"

"लहानपणापासून," आई म्हणाली. "चला तुम्ही."

त्या गेल्या. मी रस्त्याच्या मधोमध तसाच उभा राहिलो. शेवटी मागून बायकोने हॉर्न दिला तेव्हा बाजूला झालो. गाडी तीच चालवत होती.